उपग्रह रेडिओचं बुकिंग करण्याआधी

गेले काही दिवस नाशिकमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं : एफएम आता मोडीत, थेट उपग्रहावरून रेडिओ घ्या. एकही जाहिरात नाही, आवाज सीडीसारखा, नाशिक ते कन्याकुमारी एकच स्टेशन, घाटात नि बोगद्यातही खंड नाही, पूर आला तरी बंद पडत नाही. खाली संचाच्या बुकिंगची लिंक.

मुळात भारतात आज अशी सेवाच नाही. मेसेजमधलं बहुतेक कौतुक सिरियस एक्सएम या अमेरिकेतल्या उपग्रह रेडिओ कंपनीचं आहे. एक्सएम 2001 मध्ये सुरू झाली, सिरियस 2002 मध्ये, आणि 2008 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्यांचे उपग्रह उत्तर अमेरिकेसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत.

आपल्याकडे होती ती वर्ल्डस्पेस. 2000 साली सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून ती ऐकू यायची. धून ए. आर. रहमानची, आणि हिंदुस्तानी शास्त्रीय संगीताला ‘गंधर्व’ नावाचं स्वतंत्र चॅनल. ते ज्यांनी ऐकलं ते अजून हळहळतात, आणि त्यात काही खोटं नाही; खासगी एफएमवर यमन लागण्याची वाट बघणारा माणूस म्हातारा होईल. पण संचाचा अँटेना खिडकीत, आकाशातल्या त्या एका जागेकडे नीट रोखून ठेवावा लागे. इमारत आडवी आली की संपलं. 2008 मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा बंद पडली. वर्गणीदारांकडे संच उरले, त्यांवर लागायला दुसरं उपग्रह स्टेशन नव्हतं.

जाहिरातींचं अर्धसत्य आहे. सिरियस एक्सएमच्या संगीताच्या बहुतेक चॅनलांवर जाहिराती नसतात, गप्पांच्या नि खेळांच्या चॅनलांवर असतात. शिवाय वर्गणी पडते ती वेगळीच. आवाजाचं म्हणाल तर मर्यादित जागेत शेकडो चॅनल बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या आवाजाची माहिती दाबून लहान (कॉम्प्रेस) करावी लागते. खरखर जाते हे खरं. सीडीची बरोबरी होत नाही.

एकच स्टेशन सगळीकडे, हा मुद्दा मात्र खरा. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे आकाशवाणी नाशिकचं 101.4 मुंबईच्या वाटेवर घाट उतरताना सुटणारच. साधारण 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला घाट काय नि पठार काय, सगळं एकदम दिसतं. पण सरळ रेषेचा नियम त्यालाही लागू आहे. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा घ्या. वर डोंगर असताना उपग्रहाचा संदेश आत येणार कुठून? अमेरिकेतही उंच इमारतींच्या शहरांत जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच संदेश पुन्हा सोडणारी यंत्रं, बसवावे लागले. गाडीत नीट चालण्यासाठी लागणारं तसलं जाळं भारतात वर्ल्डस्पेसला कधी उभं करताच आलं नाही.

जाता जाता उलट बाजूची एक चूकही दुरुस्त करतो. ‘पावसात डिश जाते, मग हाही जाईल’ असं उत्तर काहींनी दिलंय. ते बरोबर नाही. डिश टीव्हीच्या लहरी फार आखूड असतात म्हणून पाऊस त्यांना अडवतो. उपग्रह रेडिओच्या लहरी त्या मानाने लांब असल्याने त्यांना पावसाचा त्रास कमी.

आता पूर. उपग्रह बुडत नाही, कबूल. पण तो सांगणार काय? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, रामकुंडाकडे जाऊ द्यायचं की नाही, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, सराफ बाजारातल्या दुकानदारांनी माल कधी हलवायचा, हे देशभर एकच कार्यक्रम सोडणाऱ्या चॅनलला कळणार नाही आणि कळलं तरी तो सांगणार नाही. त्यासाठी गावातलाच स्टुडिओ लागतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात; पण हवामान, वाहतूक, आपत्तीच्या सूचना देता येतात. मोबाइलचे टॉवर बंद पडले तरी दोन सेलवरचा संच चालतो. म्हणूनच 2023 मध्ये केंद्र सरकारने मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद करू नका, असं कळवलं होतं. माझी तक्रार आहे ती वेगळी : आपली स्थानिक स्टेशनं ही ताकद पुरेशी वापरत नाहीत. दिवसाचा बराच वेळ ‘इथलं’ असं काही त्यांत नसतंच.

तरीही उपग्रहावरून रेडिओ ऐकायचाच असेल तर डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्या आहेत, महिन्याची वर्गणी नाही. शास्त्रीय संगीतासाठी 2016 पासून आकाशवाणीची रागम वाहिनी आहे, ती मोबाइलवरच्या न्यूज ऑन एआयआर ॲपमध्येही लागते. आणि अमेरिकेतून कुणी भाचा-पुतण्या सिरियसचा संच भेट म्हणून आणणार असेल, तर त्याला बॅगेतली जागा दुसऱ्या कशाला तरी ठेवायला सांगा; उपग्रहाचं एकही चॅनल त्यावर इथे लागायचं नाही. त्या लिंकवर बुकिंगचे पैसे तर अजिबात भरू नका.