खुलासा: ऱ्हाईनकाठचा ‘बाटलीचा गळा’ हा स्वतंत्र देश नव्हता

जर्मनीतल्या लोर्खहाउझेन, काउब वगैरे गावांनी पहिल्या महायुद्धानंतर वेगळा देश काढला, असं फिरतंय. तसं काही झालं नाही. दोस्तराष्ट्रांनी माइन्झ आणि कोब्लेन्झ केंद्र धरून आपल्या फौजांच्या ताब्यातला प्रदेश ठरवायला नकाशावर ३० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळं आखली, ती एकमेकांना भिडलीच नाहीत. मधली बाटलीच्या गळ्यासारखी चिंचोळी पट्टी बिनताब्याची राहिली (म्हणून हे नाव), पण कायद्याने ती जर्मनीतल्या प्रशिया राज्यातच, कारभार लिम्बुर्ग या शहराकडे. हाल मात्र खरे. रेल्वे गावातून जायची, थांबायची नाही. माल डोंगरातल्या आडवाटांनी आणावा लागे. स्वतःच्या नोटा छापल्या म्हणजे देश, हा तर्कही लंगडाच. अशा ‘नोटगेल्ड’ म्हणजे अडचणीच्या काळापुरत्या स्थानिक नोटा तेव्हा जर्मनीतली शेकडो गावं-शहरं काढत होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये फ्रेंच फौजा शिरल्या आणि ही पट्टीही ताब्यात गेली.