एकट्याने 'नाही' म्हणणं परवडत नाही

लाच नाकारण्यासाठी कंपन्यांनी एकत्र यावं, असं एका लेखात वाचलं; ते म्हणणं मला शंभर टक्के पटतं. एकट्याने नकार दिला की आपली फाईल तळाला जाते आणि काम शेजारच्याला मिळतं. मी स्वतः हे भोगलंय.

जहाज कंपन्यांचं उदाहरण त्या लेखात हवं होतं. अर्जेंटिनात धान्य भरण्याआधी जहाजाची कोठारं स्वच्छ आहेत का ते तपासतात. पूर्वी कोपऱ्यात जुने चार दाणे दिसले की 'नापास' करायचे, आणि पास व्हायचं तर पैसे मागायचे! जहाज अडकलं की रोजचा खर्च प्रचंड, म्हणून कप्तान मुकाट्याने द्यायचे. 2011 मध्ये सुरू झालेल्या 'मॅरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्क' या जहाज कंपन्यांच्या लाचविरोधी गटातल्या कंपन्यांनी अशा मागण्यांच्या नोंदी नाव न देता एकत्र केल्या, सरकारशी बोलणी केली आणि 2017 मध्ये तपासणीचे नियमच बदलून घेतले. त्यानंतर तिथल्या तक्रारी खूप घटल्या.

'लाच देणार नाही' अशा नुसत्या शपथपत्रांवर सह्या करून हे झालं नसतं. मात्र कंपन्या अशा एकत्र बसतात तेव्हा दर आणि निविदांची चर्चा कटाक्षाने टाळायला हवी, नाहीतर त्यातूनच कंपन्यांचं आपसात संगनमत होतं. आणि छोट्या पुरवठादारांना यात घ्याच, सगळ्यात जास्त तेच भरडले जातात.