‘आता क्रूझला टेस्ट लागत नाही’ हे अर्धंच खरं आहे

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी एक प्रश्न हमखास येतो: क्रूझला जायचंय, आरटीपीसीआर लागते का? लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ते सगळं कोविडबरोबर संपलं. दुसरा २०२१चा कुठलातरी ७२ तासांवाला फॉरवर्ड आणून चिकटवतो. आमच्या मते इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातो. टेस्ट हा आरोग्याच्या अटींचा एक तुकडा झाला. अटी घालणारे तीन असतात आणि ते एकमेकांना विचारून अटी घालत नाहीत: जहाज कंपनी, जहाज ज्या बंदरांना लागणार ते देश, आणि परत येताना आपला स्वतःचा देश. बुकिंग करणारा एजंट सांगतो ते बहुतेक वेळा पहिल्याचं असतं, आणि तेही गेल्या सीझनचं.

हा सगळा कडकपणा आला कुठून हे आठवून बघा. फेब्रुवारी २०२०मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकून पडली. जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. १३८ भारतीय होते, त्यात १३२ जहाजावर नोकरी करणारे. त्यानंतर प्रवासाआधीची टेस्ट सक्तीची झाली. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, जुलै २०२२मध्ये क्रूझसाठीचा आपला खास कोविड कार्यक्रम बंद केला, मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं सांगितलं, आणि याच काळात कंपन्यांनी सरसकट टेस्ट काढून टाकली. पण तिकिटाच्या करारातलं एक वाक्य तसंच राहिलं: चढण्याच्या वेळी प्रवाशाची आरोग्य तपासणी करण्याचा आणि चढू न देण्याचा हक्क कंपनीकडे आहे. ते वाक्य कुणी वाचत नाही.

आज तपासणी म्हणजे काय, तर आरोग्याचा फॉर्म. वेब चेक-इनमध्ये किंवा टर्मिनलवर तो भरून घेतात. गेल्या दोन-तीन दिवसांत ताप, उलटी, जुलाब, खोकला? घरात कुणी आजारी? एकीकडे बॅगेला टॅग लावत लोक मोबाईलवर सगळीकडे ‘नाही’ दाबत सुटतात. कुठे ‘हो’ आलं तर नर्सकडे पाठवतात. ती ताप बघते, चार प्रश्न विचारते, वाटलं तर तिथेच रॅपिड टेस्ट करते. तिथून बहुतेक जण पुढे जातात. दम्याचा जुना खोकला, ॲलर्जीची सर्दी यासाठी कुणी परत पाठवत नाही. मात्र डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी जवळ असली तर पाच मिनिटांत सुटका होते.

खरी भीती आज कोविडची नाही, नोरोव्हायरसची आहे. हा उलट्या-जुलाबांचा विषाणू अगदी थोड्या कणांनी लागतो, लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात, आणि एका बुफेच्या चमच्यावरून शेकडो लोकांत जातो. जहाजावर २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौचाला झालं, किंवा उलटीबरोबर ताप, अंगदुखी असं आणखी एखादं लक्षण असलं, की त्या माणसाची नोंद पोटाच्या आजाराचा रुग्ण म्हणून होते. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या जहाजांवर ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी असे आजारी पडले की सीडीसी त्या जहाजाचं नाव जाहीर करते. म्हणून कंपन्या तापापेक्षा जुलाबाला जास्त घाबरतात. आदल्या दिवशी आजींना दोनदा जुलाब झाले आणि घरच्यांनी अळूवडीवर खापर फोडून फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहिलं, हा प्रकार सर्रास चालतो. तो अळूवडीचा प्रताप की विषाणूचा, हे ठरवायचं काम नर्सचं आहे. खोटं लिहून चढलात आणि रात्री पुन्हा त्रास झाला, तर लक्षणं थांबल्यावरही निदान २४ तास केबिनमध्ये बसवतात. तीन रात्रींच्या गोवा फेरीत मग उरलं काय?

इथेच एक गैरसमज: जेवणाच्या दारात ठेवलेलं सॅनिटायझर लावलं की झालं. अल्कोहोलचं जेल नोरोव्हायरसवर धड चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, नखांखालीसुद्धा. पोरांना हे घरूनच शिकवून न्या.

पॅरासिटामॉल घेऊन टर्मिनलवरचा थर्मल गन फसवायचा सल्लाही फिरत असतो. गोळीचा असर चार-सहा तास. दुपारी १ला चढलात तर संध्याकाळी जहाज मुंबईचा किनारा सोडतं तेव्हाच ताप परत वर येतो, आणि आता उतरायची सोय नाही. उलट, काहीही झालेलं नसताना उन्हातून बॅगा ओढत आल्यावर कपाळाचं तापमान जास्त दिसू शकतं. आकडा चढा आला तर घाबरू नका, सावलीत १५ मिनिटं बसून पुन्हा मोजायला सांगा.

आता जिथे टेस्ट मागितलीच आहे, तिथलं बघू. लोक सगळ्यात जास्त आपटतात ते तासांच्या हिशोबात.

समजा जहाज शनिवारी संध्याकाळी ५ला सुटणार, तुमची चेक-इनची वेळ दुपारी १. अट अशी: चढण्याआधी ४८ तासांच्या आत घेतलेला नमुना. म्हणजे गुरुवारी दुपारी १च्या नंतरचा. ऑफिसला जाता जाता गुरुवारी सकाळी ८ला स्वॅब देऊन मोकळं झालात तर ५३ तास झाले, रिपोर्ट बाद. शुक्रवारी सकाळी रिपोर्ट हातात येतो, वर मोठ्या अक्षरांत शुक्रवारची तारीख असते, ती बघून माणूस निर्धास्त. काउंटरवर मात्र ‘नमुना घेतल्याची वेळ’ ही बारीक ओळ बघतात. अट ‘४८ तास’ नसून ‘दोन दिवस आधी’ अशी असेल तर हिशोब कॅलेंडरचा, मग गुरुवारी कधीही दिलेला नमुना चालतो. म्हणून मूळ अटीतले तीन शब्द शोधा: तास की दिवस, नमुना की रिपोर्ट, चढणं की जहाज सुटणं. विमानाने सिंगापूर किंवा दुबईला जाऊन तिथून जहाज धरणार असाल तर चौथा प्रश्न, घड्याळ कुठलं? सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास आहे, दुबई दीड तास मागे.

नमुना उशिरा द्यावा तर दुसरी अडचण. नौपाड्यातलं किंवा वाशीतलं कलेक्शन सेंटर म्हणजे लॅब नव्हे. तिथे नळी बर्फाच्या डब्यात जाते, डबा दिवसाच्या ठरलेल्या फेरीने मुख्य लॅबकडे, तिथे पुढच्या बॅचची वाट बघणं. यंत्राचं प्रत्यक्ष काम काही तासांचं, वेळ जातो तो वाहतुकीत आणि रांगेत. तेव्हा सेंटरवर ‘रिपोर्ट कधी?’ एवढंच विचारू नका. ‘शेवटचा पिक-अप किती वाजता, आणि मधे सुट्टी आहे का?’ हे विचारा.

अँटिजेन चालत असेल तर १५-२० मिनिटांचं काम, पण घरच्या किटचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. लॅबच्या लेटरहेडवरचा रिपोर्ट लागतो. आणि नुकताच कोविड होऊन गेला असेल तर हौसेने पीसीआर करू नका. बरं झाल्यावरही ९० दिवसांपर्यंत ती पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण विषाणूचे निर्जीव अवशेषही तिला सापडतात. अशा वेळी अँटिजेन चालेल का, बरं झाल्याचं पत्र चालेल का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या.

नावाचा घोळ हा तर खास आपला. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि स्वतःचं नाव अधिक वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत. लॅबमधला मुलगा आधार कार्ड बघून आडनाव आधी टाकतो, मधलं नाव गाळतो, किंवा नुसती आद्याक्षरं. बाईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचं असेल तर विचारूच नका. उपाय साधा: नमुना देताना पासपोर्ट पुढे करा, पासपोर्ट नंबर रिपोर्टवर छापायला सांगा, आणि पावती हातात आली की तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचा. पावतीवर चूक सुधारायला दोन मिनिटं लागतात, रिपोर्ट निघाल्यावर अर्धा दिवस.

आता पिवळा ताप, येलो फीव्हर: डासांमुळे पसरणारा विषाणूचा आजार, ज्याच्या लसीचं प्रमाणपत्र काही देशांच्या प्रवासाला लागतं. मुंबई–गोवा–लक्षद्वीपवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. ब्राझील, पनामा कालवा, मोंबासा अशा बाजूला जाणाऱ्या जहाजाचं बुकिंग असेल तर मात्र टेस्टपेक्षा हे मोठं काम. लस फॅमिली डॉक्टरकडे मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य संघटनांकडे ती सोय आहे. मूळ पासपोर्ट न्यायचा, वेळ आधी घ्यायची. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती फोडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरलेल्या वारी, ठरावीक माणसांनाच बोलावतात. आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत याल. लसीचं प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळं कार्ड, लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं. जुन्या पिवळ्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते चालतं, फक्त पेनाने ती तारीख ‘दुरुस्त’ करू नका. खाडाखोड केलेलं कार्ड बाद होतं. कार्डावर स्वतःची सही हवी, आणि प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं.

ही जिवंत विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालची बाळं, अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले लोक यांना ती देत नाहीत, आणि साठीच्या पुढे डॉक्टर दोनदा विचार करतात. गोवर किंवा कांजण्यांसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर मधे चार आठवडे. घेता येत नसेल तर सूट देणारं पत्र मिळतं, पण ते मानायचं की नाही हे समोरच्या देशाच्या हातात. आणि परतीचं विसरू नका. पिवळ्या तापाच्या देशातून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.

सिंगापूरहून जहाज धरणारी मराठी कुटुंबं पुष्कळ. तिथे टेस्ट नाही, पण एसजी अरायव्हल कार्ड आहे, ज्यात आरोग्याची घोषणाही असते. पोहोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत भरायचं. पुन्हा दिवस मोजणं आलंच. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती दलालाची. जहाज पेनांग-फुकेत करून सिंगापूरला परतलं की तो नवा प्रवेश, नवं कार्ड. पहिल्याचाच स्क्रीनशॉट दाखवून चालत नाही.

गरोदर बाईंसाठी अट बहुतेक मोठ्या कंपन्यांत सारखीच: प्रवासात कधीही २४वा आठवडा लागत असेल तर चढू देत नाहीत. शब्द नीट बघा, ‘२४वा आठवडा लागणं’ म्हणजे २३ आठवडे पूर्ण होणं. आणि मोजायचं सफर संपते त्या दिवशी. चढताना २२ आठवडे ५ दिवस असतील तर तीन रात्रींच्या सफरीतच अट मोडते. डॉक्टरांच्या पत्रावर अपेक्षित तारीख, सोनोग्राफीनुसार आठवडे, प्रवासाला हरकत नाही हे वाक्य, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. बाळांसाठी किमान वय साधारण सहा महिने, लांब समुद्रसफरीत बारा महिने.

नवी मुंबईकरांसाठी एक बाजूची गोष्ट. बेलापूर-नेरूळ भागातल्या ज्या मुलांना जहाजावर नोकरी लागते, त्यांची मेडिकल हा वेगळाच प्रकार आहे: डीजी शिपिंगने, म्हणजे जहाजवाहतूक बघणाऱ्या केंद्र सरकारच्या महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडूनच, प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचं. ‘आमच्या पुतण्याला एवढ्या टेस्ट सांगितल्या’ हे ऐकून प्रवाशांनी शुगर, ईसीजी, एक्स-रे काढत बसू नये.

औषधांचं मात्र प्रत्येकाने बघावं. कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यांवर दुबई आणि सिंगापूर दोन्हीकडे नियंत्रण आहे, काहींना आधी परवानगी लागते. गोळ्या मूळ पाकिटातच न्या, डब्यात सुट्या भरून नको. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आणि दुबईमार्गे जाताना दिवाळीचा फराळ नेणाऱ्यांनो, अनारसे घरी ठेवा. त्यावरची खसखस तिथे अमली पदार्थांच्या यादीत मोडते.

विम्याबद्दल एवढंच: घरचा मेडिक्लेम जहाजावरच्या दवाखान्यात चालेल असं गृहीत धरू नका. ट्रॅव्हल पॉलिसीत ‘क्रूझ’ शब्द आहे का आणि बीपी-शुगर जाहीर केलंय का, ते बघा.

आणि बॅलार्ड पियरला, म्हणजे मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर, पोहोचल्यावर, ठाण्याहून ईस्टर्न फ्रीवेने या की उलव्याहून अटल सेतूने, मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि त्या केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. तेव्हा इन्सुलिन, रोजच्या गोळ्या, प्रिस्क्रिप्शन, रिपोर्टची छापील प्रत, पिवळं कार्ड आणि गरोदरपणाचं पत्र खांद्यावरच्या पिशवीत, सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. इन्सुलिन बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं की निकामी होतं. रुमालात गुंडाळून न्या आणि चढल्या चढल्या केबिनवाल्याकडे फ्रिज मागा.