दोन बटणांचं क्रिकेट आणि एक टोपणनावाची प्रतिक्रिया

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या स्टिक क्रिकेट, क्वॉप अशा साध्या, फुकट खेळांवर मी लिहिलेल्या लेखाखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. तिचं उत्तर तिथल्या चौकटीत मावणार नाही, म्हणून इथे स्वतंत्र लिहितो आहे. प्रतिक्रिया टोपणनावाने आहे, तेव्हा मी नुसतं 'तुम्ही' म्हणेन.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं पहिलं वाक्य असं : "दोन बटणं दाबायला ना अक्कल लागते ना अंगमेहनत, मैदानावर ज्यांना काही जमलं नाही त्यांची ही पळवाट आहे." पुढे तुम्ही म्हणता की हे खेळ फुकट नसतातच, जाहिराती असतात, जुन्या आठवणींवर लिहून वाहवा मिळवणं सोपं असतं, आणि हे खेळ ज्या सॉफ्टवेअरवर चालायचे ते फ्लॅश बंद पडलं ते बरंच झालं. शेवटी लिहिणारा आणि वाचणारे, सगळ्यांनाच तुम्ही 'रिकामटेकडे' म्हणून मोकळे झालात.

तो शब्द मला लागला. माझ्यापुरता तो असता तर सोडून दिला असता. पण त्या लेखाखाली बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी लिहिलंय, रात्रपाळी करणाऱ्या नर्सताईंनी लिहिलंय, दहावीतल्या मुलाने लिहिलंय. त्यांनी काय लिहिलं ते वाचण्याची तसदी तुम्ही घेतली नाहीत. मत कडक असावं, माझी ना नाही. ज्यांना आपण ओळखत नाही त्यांच्या दिवसाचा हिशोब मांडायचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

जाहिरातींचं म्हणणं मान्य करतो. खेळ लोड होईपर्यंत जाहिरात बघावी लागायची आणि काही साइटींवर चुकीच्या जागी क्लिक पडलं की भलतंच पान उघडायचं. खिशातून पैसा मात्र जात नव्हता आणि मी 'फुकट' त्याच अर्थाने लिहिलं होतं.

आता मैदान. मी मुंबईची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा खेळलो आहे. खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलो, पण खेळलो. भर पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या विकेटवर, जिथे एक चेंडू घोट्याशी राहतो आणि त्याच टप्प्यावरचा पुढचा छातीवर येतो. आझाद मैदानात एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो, तिथे मी फील्डिंग केली आहे. गुडघ्याचं लिगामेंट गेलं तेव्हा हे सगळं थांबलं. मैदानावर घाम गाळणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. तुम्ही कुठे खेळलात, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलेलं नाही.

आणि मैदान ठाऊक आहे म्हणूनच स्टिक क्रिकेट मला इतकं भिडलं. त्यात बॉलिंग नाही, फील्डिंग नाही, रन काढायला पळायचं नाही. काटकुळी माणसं, एक डावा बाण, एक उजवा बाण. चेंडू ऑफला आहे की लेगला हे ओळखायचं आणि नेमक्या क्षणी त्या बाजूचा बाण दाबायचा. चुकलं की दांडी गुल किंवा कुणाच्या तरी हातात कॅच. फास्ट बॉलर गेला आणि स्पिनर आला की हात आपोआप लवकर जातो आणि तिथेच विकेट पडते. नेट्समध्ये आमचे सर वर्षानुवर्षं हेच ओरडायचे : "घाई करू नकोस, येऊ दे त्याला." लाइन ओळखणं आणि टायमिंग. फलंदाजीतून या दोन गोष्टी वजा केल्या तर उरतं काय? ज्याने हा खेळ रचला त्याने बाकीचं सगळं काढून टाकलं आणि नेमकं हेच ठेवलं. याला अक्कल लागत नाही असं म्हणणाऱ्याने क्रिकेट नीट पाहिलेलं नाही, असं मी स्पष्ट म्हणतो.

मूळ लेखात क्वॉपचा उल्लेख होता, त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. बेनेट फॉडी या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने तो 2008 मध्ये केला. 100 मीटरची शर्यत. क्यू आणि डब्ल्यूने मांड्या हलवायच्या, ओ आणि पीने पोटऱ्या. बहुतेक जण पहिल्या काही मीटरांत आडवे होतात. साधं पाऊल पुढे पडताना शरीर आपल्या नकळत किती काय सांभाळत असतं, हे मला फिजिओथेरपीच्या खोलीत कळलं होतं. क्वॉप खेळताना ते पुन्हा कळलं. अंगमेहनतीची कदर या खेळाइतकी मला दुसऱ्या कुठल्याही स्क्रीनने शिकवलेली नाही.

आणि बटणं कमी असण्याची तुम्हाला एवढी लाज का वाटावी? ऑक्टोबर 1958 मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांसाठी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विद्युत लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर टेनिस मांडलं. प्रत्येक खेळाडूच्या हातात काय होतं? कोन बदलायला एक फिरवायची कळ आणि फटका मारायला एक बटण. लोकांनी रांगा लावल्या. पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एक हे असं फुकट, साधं, दोन कळींचं टेनिस आहे.

पण तुमच्या वाक्यातलं मला सगळ्यात खुपलं ते "मैदानावर ज्यांना काही जमलं नाही". आमच्या वाडीत माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात पोरांनी कधी बॅट दिली नाही. त्या पोरांत मीही होतो. ती कंपाउंडच्या भिंतीवर बसून चेंडू आणून द्यायची. पुढे नाक्यावरच्या सायबर कॅफेत तिने स्टिक क्रिकेट उघडलं आणि महिन्याभरात माझ्या पुढे गेली, कारण इतकी वर्षं भिंतीवर बसून ती प्रत्येक चेंडू बघत आली होती. तिला मैदानावर जमलं नाही की तिला मैदानावर येऊ दिलं नाही? याचं उत्तर तुम्ही द्या. 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीला गूगलने डूडलमध्ये रातकिडे विरुद्ध गोगलगाई असं क्रिकेट ठेवलं, तेही मुद्दाम इतकं हलकं की मंद नेटवरही चालावं. महागडा कॉम्प्युटर नको, किट नको, कुणाची परवानगी नको. अशा दारातून आत येणाऱ्यांना पळपुटे म्हणताना जरा विचार करायला हवा होता.

फ्लॅशबद्दल एवढंच : सुरक्षेच्या त्रुटी होत्या, 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने त्याचा आधार काढून घेतला, त्याला माझी हरकत नाही. पण जुने खेळ जतन करणाऱ्या फ्लॅशपॉइंट या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी हजारो खेळ जपून ठेवले आणि रफल या सॉफ्टवेअरमुळे जुने खेळ आजच्या ब्राउझरमध्ये पुन्हा चालतात, ते काही कुणी रिकामा वेळ घालवायला केलेलं नाही. आठवणींच्या आणि वाहवेच्या मुद्द्याला उत्तर देण्याइतकं त्यात काही नाही.

बहिणीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असेल तर आपल्या खऱ्या नावाने द्या. मी तुमचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं प्रसिद्ध करेन. वाचकांना नावं ठेवणारी पुढची टोपणनावी प्रतिक्रिया मात्र काढून टाकली जाईल.