पंखा फिरंना

आमची गाडी पन्हाळ्याचा घाट हसत चढते आणि बिंदू चौकात अडकली की तिचं डोकं तापतं. काटा लाल रेघेकडं सरकला की मी एसी बंद करून हीटर फुल सोडतो. इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते, गाडी वाचते. पण मे महिन्यात घामानं निथळणाऱ्या बायकोला हे शास्त्र पटवून देणं कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

बॉनेट उघडून उभं राहायचा अवकाश, सल्लागार जमतात. "हेड गॅस्केट गेलंय, पाव्हणं." "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडं काय लागतोय त्यो?" एकजण तर टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकणच फिरवायला निघाला! आत शंभराच्या वर तापलेलं कुलंट दाबाखाली गप्प बसलेलं असतं. झाकण सैल झालं की थेट तोंडावर. मी त्याचा हात धरला, तर म्हणाला, "भावा, भिता काय एवढं?"

उद्यमनगरातला मिस्त्री मात्र मोजकं बोलणारा.

"घाटात तापती?"

"नाही."

"मग पंखाच."

पळत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला रेडिएटरच्या पंख्याशिवाय वाली नाही. त्यानं एसी लावला. एसी लावला की पंखा फिरायलाच पाहिजे, इंजिन थंड असलं तरी. आमचा ढिम्म. फ्यूज शाबूत. मग हॉर्नचा रिले, म्हणजे करंट सोडणारी डबी, उपसून पंख्याच्या जागी खोचला, पंख्याचा खिशात टाकला. तरी शांतता. शेवटी सॉकेट काढून बॅटरीवरनं दोन वायरी डायरेक्ट मोटरला. पातं जरासं थरथरलं. त्यानं मोटरच्या पाठीत स्क्रूड्रायव्हरची मूठ हाणली, तसा पंखा घर्रकन फिरला आणि पुन्हा बसला.

"कार्बन संपलं. मोटर गेली."

हेड गॅस्केटवाल्यांना हे ऐकवायला मी मागं बघितलं, पण ती मंडळी तोवर दुसऱ्या गाडीवर गेली होती.

जुना पंखा जाळीसकट निघाला, नवा बसला. मग इंजिन चालू ठेवून आम्ही काट्याकडं टक लावून बसलो. काटा मधोमध आला, किंचित वर सरकला आणि पंखा असा गरजला की बायकोनं पहिल्यांदाच मिस्त्रीला चहा विचारला.

परत येताना गंगावेशीत एक म्हैस आडवी आली. हॉर्न दाबला, आवाज नाही. एक रिले अजून मिस्त्रीच्या खिशातच होता. काच खाली करून बायको ओरडली, "ओ मामा, म्हस घ्या की बाजूला!"