चाक बिघडलं म्हणूनच तर सापडलं!

‘पुढचं उजवं चाक बंद पडलं आणि स्पिरिटची उपयुक्तता संपत आली’ हे नासाच्या स्पिरिट या मंगळावर फिरणाऱ्या यानाबद्दलच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. चाक 2006 च्या मार्चमध्ये बंद पडलं, हे खरं. पण त्यानंतर शास्त्रज्ञ ते यान उलटं चालवत होते आणि ते मेलेलं चाक नांगरासारखं माती उकरत मागून फरफटत यायचं. 2007 मध्ये मंगळावरच्या गुसेव्ह विवरात त्या चरातच पांढरीफटक माती उघडी पडली. जवळपास 90 टक्के सिलिका, म्हणजे वाळू-काचेतला मुख्य घटक! एवढी शुद्ध सिलिका म्हणजे तिथे कधीकाळी गरम पाण्याचे झरे किंवा वाफेची भोकं असणार. चाक धड असतं तर यान त्यावरून सरळ निघून गेलं असतं.

कॉलेजात भूशास्त्राच्या सहलीला आमचे सर हातोडीने फोडल्याशिवाय दगडाचं नाव सांगू देत नसत. आपला बेसॉल्टसुद्धा वरून तांबूस, गंजल्यासारखा आणि फोडला की आत काळाकुट्ट. मंगळावर तर सगळीकडे धुळीचा थर, उकरल्याशिवाय खाली काय आहे ते कळणार कसं? स्पिरिटची मोहीम 90 मंगळदिवसांची ठरली होती, शेवटचा संदेश आला 22 मार्च 2010 ला. यातली चार वर्षं त्या लंगड्या चाकावरची आहेत, तेवढं तरी लेखात हवं होतं.