झाडांच्या ‘मैत्री’चा तो हिरवा-लाल तक्ता

भाजीपाल्याच्या ‘मित्र-शत्रू’ झाडांचा एक तक्ता सगळीकडे फिरत असतो. डावीकडे भाजीचं नाव, हिरव्या रकान्यात तिचे मित्र, लाल रकान्यात शत्रू. मजकूर साधारण असा: टोमॅटोजवळ झेंडू लावा, कीड फिरकणार नाही. कांदा-लसणाच्या उग्र वासाने किडे पळतात. घेवडा-चवळी शेजारच्या झाडांना नत्र पुरवतात. बेसिलमुळे टोमॅटोची चव सुधारते. कांदा आणि घेवडा मात्र एकत्र नको. मका, घेवडा, भोपळा एका वाफ्यात लावले की तिघंही जोमात. आणि शेवटी ठसठशीत अक्षरांत: ‘एवढं पाळलंत तर फवारणीची गरजच नाही.’

मिश्र लागवडीला माझा विरोध नाही; अख्ख्या वाफ्यात एकच भाजी मीही लावत नाही. आक्षेप आहे तो तक्त्याला. कोण कोणाजवळ, एवढंच तो सांगतो. केव्हा, किती आणि कुठल्या किडीसाठी, याबद्दल चकार शब्द नाही, आणि उपयोग होणार की नाही हे तर त्यावरच ठरतं.

‘झेंडू लावा, कीड फिरकणार नाही.’ कुठली कीड? इथे तीन वेगळ्या गोष्टींची एकत्र मोट बांधली आहे.

पहिली जमिनीखालची. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना (मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींना) झेंडूच्या मुळांतलं अल्फा-टरथायनिल हे द्रव्य मारक ठरतं, हे खरं. पण त्यासाठी भाजीच्या आधी वाफाभर दाट झेंडू दोनेक महिने वाढवावा लागतो आणि मग त्याच मातीत भाजी लावायची. त्यातही झेंडूची प्रत्येक जात प्रत्येक सूत्रकृमीवर चालत नाही. टोमॅटोच्या चार रोपांमध्ये एक झेंडू खोचला तर सूत्रकृमी सरळ टोमॅटोच्या मुळांत शिरतात. त्यांना अडवणारं तिथे कोणी नसतं.

दुसरी पांढरी माशी. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिलं की काचघरात टोमॅटोसोबत फ्रेंच झेंडू असेल तर त्यातून हवेत पसरणाऱ्या लिमोनीन या वासाच्या द्रव्यामुळे पांढऱ्या माशीचा जोर कमी होतो. मात्र झेंडू पहिल्यापासून सोबत हवा. माशी बसल्यावर धावपळ करून आणलेल्या कुंड्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात गमतीची. टोमॅटोचं फळ पोखरणाऱ्या अळीसाठी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतून पुढे आलेली एक जुनी शिफारस आहे: टोमॅटोच्या 16 ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची 1 ओळ. झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी मोठं घ्यायचं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात आणि त्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. म्हणजे इथे झेंडू कीड पळवत नाही, बोलावतो! शेतात ते चालतं, कारण ते सापळा पीक आहे आणि सापळ्यावर नजर ठेवली जाते. घरच्या वाफ्यात टोमॅटोला खेटून लावलेल्या झेंडूची कळी जरा उकलून बघा. तळाशी बारीक भोक आणि आत काळपट दाणेदार विष्ठा दिसली तर अळी आत आहे किंवा जेवून पुढे गेली आहे. अशा कळ्या वेळच्या वेळी खुडल्या नाहीत तर कीड पळवायला लावलेलं झाडच तिला पोसत बसतं.

‘उग्र वासाने किडे पळतात.’ हे इतकं पटण्यासारखं आहे की कोणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. इंग्लंडमध्ये स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर या कीटक-अभ्यासकांनी कोबीवर्गीय भाज्यांच्या मुळांना लागणाऱ्या माशीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या मांडणीप्रमाणे माशी वासाच्या आधारे वाफ्यापर्यंत येते, पण उतरताना जे हिरवं दिसेल त्यावर बसते. उघडी माती ती टाळते. मग पायांनी पानाची चव घेते, थोडी फिरते, उडते, पुन्हा बसते. लागोपाठ काही वेळा कोबीच लागला तर खोडाशी अंडी घालते. मध्ये भलतंच पान लागलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि कधी कधी कंटाळून निघूनही जाते. 2003 मध्ये त्यांनी सुवासिक आणि बिनवासाची झाडं याच कामासाठी शेजारी शेजारी तपासली. सुवासिक झाडं काही सरस ठरली नाहीत. त्याआधीच्या प्रयोगांत तर हिरव्या कागदाच्या नकली झाडांनीही माशीला गोंधळात टाकलं होतं. कागदाला कसला आलाय वास?

यातून घरच्या बागेसाठी मिळणारी गोष्ट तक्त्यापेक्षा कितीतरी सोपी आहे. बोडक्या मातीत एकटा उभा कोबी माशीला आयता सापडतो. त्याच्या भोवती बुटकी हिरवळ असली की झालं, नाव काहीही असो. अट इतकीच की तिने कोबीचं अन्नपाणी पळवू नये. गाजर-कांद्याची प्रसिद्ध जोडीही अशीच वेळेला बांधलेली आहे: कांद्याची पात वाढत असते तोवर गाजराच्या माशीचा उपद्रव कमी दिसतो, कांदा पोसायला लागला की तो फायदा सरतो.

‘घेवडा-चवळी शेजाऱ्याला नत्र देतात.’ शेजाऱ्याला देण्याइतकं त्या हंगामात उरतच नाही. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधतात ते त्या वेलासाठी, आणि त्यातला मोठा वाटा शेंगांत जातो. शेंगा आपण तोडून नेतो. राहिलेलं मुळं आणि पाला कुजल्यावर मातीत उतरतं, म्हणजे फायदा पुढच्या पिकाला. शिवाय माती आधीच शेणखताने भरलेली असेल तर वेल गाठी करायचे कष्टच कमी घेतो. खात्री करायची तर फुलोऱ्याच्या सुमाराला एक रोप खुरप्याने हलकेच उकरून काढा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसतीच शोभेची. हंगाम संपल्यावर वेल मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा.

बेसिल आणि टोमॅटोची चव: टोमॅटोची चव जात, ऊन, पाण्याचं प्रमाण आणि फळ झाडावर किती पिकू दिलं यावर ठरते. बेसिल आवडत असेल तर जरूर लावा.

कांदा-घेवड्याचं वैर कुठून आलं? अशा याद्यांतल्या बऱ्याच जोड्यांचा माग जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीचे पुरस्कर्ते एरेनफ्रीड फायफर यांच्यापर्यंत जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते वनस्पतीचा रस कॉपर क्लोराइडच्या द्रावणात मिसळून वाळवत आणि उमटलेल्या स्फटिकांच्या नक्षीवरून कोणाचं कोणाशी जमतं ते ठरवत. वाफ्यातल्या उत्पन्नाशी त्या नक्षीचा संबंध कोणी जोडून दाखवलेला नाही. खरं वैर बघायचं तर एकाच कुळात बघा. टोमॅटो आणि बटाटा दोघांनाही उशिराचा करपा होतो, बुरशीसारखा एकच जीव दोघांवर येतो आणि ओलसर, थंड हवेत एकावरून दुसऱ्यावर जायला त्याला वेळ लागत नाही.

आता मका-घेवडा-भोपळा. हे तिघं तक्त्यातले सगळ्यात अस्सल, उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोशोनीसारख्या मूळ रहिवाशांची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. पण ते लोक मातीचे उंचवटे करून आधी मका लावत, तो वीतभर झाला की घेवडा, नंतर भोपळा. शिवाय पीक वाळलेल्या दाण्यासाठी असे, सगळं एकदम काढायचं. आपण तिन्ही बिया एकाच दिवशी टोचतो. घेवडा कोवळ्या मक्याला विळखा घालून आडवा करतो, आणि कोवळ्या शेंगा तोडायला रोज भोपळ्याच्या खरखरीत पानांतून वाट काढावी लागते. दोन-चार हातांच्या वाफ्यात भोपळाच तेवढा सुखात नांदतो.

राहिला फवारणीचा दावा. कोथिंबीर, बडीशेप, शेपू यांची छत्रीसारखी फुलं उघडी आणि उथळ असतात, त्यामुळे सिरफिड माश्या (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या) आणि इवल्या परोपजीवी गांधीलमाश्यांना मकरंद सहज मिळतो. सिरफिडच्या अळ्या मावा खातात. पण त्या येतात मावा आल्यावर, आधी नाही. मधल्या दिवसांत मावा लागलेला शेंडा बोटांनी चोळा किंवा पाण्याच्या धारेने धुऊन काढा, आणि फुलावर आली म्हणून कोथिंबीर उपटू नका.